निशिकांतचं टोक

मित्रांनो, खुर्चीवर माणूस एकटा बसू शकतो. माझ्यावर बसताना मात्र दुसऱ्याचा विचार करावा लागतो. मी एक लांबलचक लाकडी बाक आहे, आता बराच जुना झालेला. माझे लोखंडी पाय घडी घालून पोटाशी घेता येतात आणि ते टोकांपासून थोडे आत आहेत. त्यामुळे माझ्या अगदी टोकावर कुणी एकटं बसलं, की दुसरं टोक वर उचललं जातं आणि बसणारा जमिनीवर येतो. ही माझी घडण आहे. त्यात माझा कुणावर राग नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही माणसं चेहऱ्यावरून ओळखता. आम्ही बाक वजनावरून ओळखतो. कोण दबकत बसतं, कोण धपकन बसतं, कोण एका कुशीवर कलतं, हे आमच्या लाकडाला कळतं आणि लाकूड सहसा विसरत नाही. म्हणूनच मी तुम्हाला जे सांगणार आहे त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, तरी मला त्याबद्दल शंका नाही.

माझा जन्म दक्षिण जर्मनीतल्या एका सुतारकारखान्यात झाला. तिकडे शरद ऋतूत एक मोठी जत्रा भरते. मैदानात तंबू उभारतात, बँड वाजतो. भाजलेलं मांस, आंबवलेला कोबी आणि गाठीसारखे वळलेले प्रेट्झेल नावाचे खारे पाव खातात आणि जाड काचेच्या मगांतून बिअर पितात. त्या तंबूंमध्ये बसायला माझ्यासारखे बाक लागतात. अनोळखी माणसं एकाच फळीवर मांडीला मांडी लावून बसतात आणि उठेपर्यंत ओळखीची होतात. मला त्यासाठीच घडवलं होतं. नारिंगी रोगण लावून झालं, तेव्हा कारागिराने माझ्यावरून तळहात फिरवला आणि समाधानाने मान हलवली.

मी मात्र ती जत्रा पाहिलीच नाही. मला बोटीत चढवून थेट सिंगापूरला आणलं. इथल्या एका जर्मन कंपनीची माणसं दरवर्षी हिरवळीवर आपली छोटी जत्रा भरवत. पुढे कंपनीने गाशा गुंडाळला आणि माझे भाऊबंद चहूकडे पांगले. मला निशिकांतने घरी नेलं. हे २०१० सालचं.

निशिकांत मूळचा पुण्याचा, आंग मो किओतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. लग्नाआधी तो कामासाठी दोन वर्षं जर्मनीत राहिला होता. तो परत आला, पण त्याची जीभ अर्धी तिकडेच राहिली, असं त्याची बायको संजीवनी म्हणायची. बेडोकमध्ये त्यांचा फ्लॅट होता. लिफ्टमध्ये मला तिरपा उभा करून, स्वतः मान वाकडी करून तो मला वर घेऊन आला.

“हे काय आणलंस?” संजीवनीने दारातच विचारलं.

“बाक.”

“ते दिसतंय. पण ठेवणार कुठे?”

“टेबलाच्या एका बाजूला. तिथल्या खुर्च्या कुणाला तरी देऊन टाकू.”

“आणि मला पाठ टेकायची असली तर?”

“माझ्या खांद्याला टेक,” असं म्हणून तो माझ्या उजव्या टोकावर बसला, आणि मी कलंडलो. पहिल्याच दिवशी घराचा मालक फरशीवर! त्यांची सहा वर्षांची मुलगी आर्या इतकी हसली, की तिला उचकी लागली. मग निशिकांतने घरात नियम केला, की बाकावरून उठणाऱ्याने आधी ‘उठतोय’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी सावरून बसायचं. तो नियम पाहुण्यांनाही लागू होता. उजवं टोक मात्र त्याने कायमचं आपलं करून घेतलं.

तेव्हापासून दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी त्या घरात जर्मन जत्रा होऊ लागली. संजीवनी पक्की शाकाहारी होती. पण कोबी आंबवायचं काम तिने आपणहून घेतलं. लोणच्याची बरणी काढायची, कोबी बारीक चिरून मिठाने चुरायचा, वर दगड ठेवायचा आणि रोज झाकण उघडून वास घ्यायचा. एका वर्षी तो वास कॉरिडॉरभर पसरला, तेव्हा शेजारच्या लिमआंटी नाकाला रुमाल लावून आल्या. संजीवनीने त्यांच्या हातावर चमचाभर कोबी ठेवला. त्यांनी तो चाखला आणि रुमाल खाली घेतला.

“अय्या, सेम लाइक माय किआम चाय, लाह!” त्या म्हणाल्या. किआम चाय म्हणजे त्यांच्या घरचा खारवलेला मोहरीचा पाला. त्या दिवसापासून त्या जत्रेच्या कायमच्या पाहुण्या झाल्या.

सॉसेजही संजीवनीच भाजायची, लांब चिमट्याने धरून आणि तोंड दुसरीकडे फिरवून. प्रेट्झेल निशिकांत आणि आर्या करायची. सिंगापूरच्या दमट हवेत कणीक हाताला चिकटायची, गाठी सुटायच्या, आणि ओव्हनमधून काही वेळा प्रेट्झेलऐवजी नुसतेच वेडेवाकडे गोळे बाहेर यायचे. तेही सगळे गोड मोहरीच्या चटणीला लावून खायचे. मग निशिकांत आपला काचेचा मग भरायचा. वर्षातून तो एकच. एक घोट घेतला, की त्याचा उजवा गुडघा हलू लागायचा. ती बारीक थरथर माझ्या फळीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. तो खुशीत आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस होते.

२०१३ साली जत्रेच्या वेळी निशिकांतचे वडील पुण्याहून आले होते. त्यांचं नाव मनोहर. घरात त्यांना अप्पा म्हणत. कारखान्यातून निवृत्त झालेले, थोराड बांध्याचे, कमी बोलणारे. दारूचं त्यांना वावडं होतं आणि त्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ प्रकाश दारूत बुडाला होता. अप्पांनी त्याला एकदा घराबाहेर काढलं, आणि तो परत आला नाही. कुठल्याशा गावी, परक्यांच्या ओसरीवर त्याचा शेवट झाला. त्या घरात प्रकाशचं नाव कुणी काढत नसे.

अप्पा नाइलाजाने माझ्या डाव्या टोकावर बसले. उजव्या टोकावर निशिकांत, मध्ये आर्या आणि निशिकांतचे दोन मित्र. गप्पा रंगल्या होत्या. तेवढ्यात आर्याने बाबाचा मग दोन्ही हातांनी ओढून घेतला आणि वरचा फेस जिभेने चाटला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

“ग्लास खाली ठेव!” अप्पा ओरडले.

आर्या दचकली. हातातला मग टेबलावर आडवा झाला, बिअर सांडली.

“अप्पा, फेस चाटला तिने. एवढं काय?” निशिकांत म्हणाला.

“प्रकाशनेही फेसापासूनच सुरुवात केली होती.”

“प्रकाशकाकाला तुम्ही दाराबाहेर काढलंत,” निशिकांत म्हणाला. “तो त्याने गेला. बिअरने नाही गेला.”

सगळे एकदम उठले. निशिकांत रागाने उठला, मित्र त्याला आवरायला उठले, आर्या आईकडे पळाली. ‘उठतोय’ कुणीही म्हणालं नाही. डाव्या टोकावर अप्पा एकटे उरले, आणि मी कलंडलो.

ते पाहुण्यांसमोर पाठीवर पडले. चष्मा टेबलाखाली गेला. निशिकांत धावत आला, पण त्याचा हात त्यांनी झटकला. भिंतीला धरून ते स्वतः उठले, आतल्या खोलीत गेले आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेले. पुढे फोन आला की ते संजीवनीशी बोलत, आर्याची चौकशी करत. “निशीला देऊ का?” असं तिने विचारलं, की म्हणत, “असू दे, कामात असेल.” आणि निशिकांत समोरच बसलेला असे, माझ्यावर, फोनकडे बघत. “गणपतीला पुण्याला जाऊन येतो,” असं तो दोन-तीनदा म्हणाला. गणपतीला अवकाश होता.

२०१४ च्या जुलैमध्ये एका सकाळी कामावर जाताना, स्टेशनच्या जिन्यावर, निशिकांत खाली बसला. तो उठलाच नाही.

यानंतरचे दिवस सांगताना मला जड जातं. घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. पुण्याला जाऊन सगळं करून मायलेकी परत आल्या. अप्पा तिथे कुणाशी एक शब्दही बोलले नाहीत म्हणे.

ऑगस्टमध्ये चिनी लोकांचा भुतांचा महिना सुरू होता. या महिन्यात मेलेली माणसं पृथ्वीवर येतात, असं ते मानतात. आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, मांडव उभा राहिला, गाण्याचा कार्यक्रम लागला. लाल खुर्च्यांची पहिली रांग पूर्ण रिकामी होती आणि मागे माणसं दाटीवाटीने उभी होती. आर्याने लिमआंटींना विचारलं (हे मी पुढे तिच्याच तोंडून ऐकलं), “आंटी, समोर एवढी जागा आहे, तिथे का नाही बसत कुणी?”

“फ्रंट रो नॉट फॉर अस,” लिमआंटी हळूच म्हणाल्या. “दॅट वन फॉर देम. दे कम, दे सिट, दे लिसन. यू डोन्ट डिस्टर्ब, कॅन आल्रेडी.” म्हणजे त्यांना त्रास दिला नाही, की झालं.

आर्या घरी आली आणि माझ्या मधोमध बसली. उजव्या टोकाला तिने कुणालाच बसू दिलं नाही. एक मावशी भेटायला आली होती, तिलाही हात धरून उठवलं. रोज संध्याकाळी ती त्या रिकाम्या टोकाशेजारी बसून गृहपाठ करायची आणि दिवसभरात काय झालं ते हलक्या आवाजात सांगायची.

आणि मित्रांनो, एका संध्याकाळी ते टोक रिकामं नव्हतं.

घरी यायच्या त्याच्या नेहमीच्या वेळी माझ्या उजव्या टोकावर हळूच वजन आलं. आधी हात टेकल्यासारखं, मग बसल्यासारखं, डाव्या कुशीवर किंचित कललेलं. मी ते वजन चार वर्षं पेललं होतं. माझी चूक होणं शक्य नव्हतं. आर्या लिहायची थांबली. तिने मान वळवली नाही, फक्त म्हणाली, “बाबा, आज तू लवकर आलास.”

संजीवनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

“आर्या, कुणाशी बोलतेस?”

“बाबाशी. ही इज हिअर, आई. बाक हलतोय, हात लावून बघ.”

संजीवनीने हात लावला नाही. ती जागची हलली नाही. आई म्हणून ती किती घाबरली असेल, ते आता मला कळतं. दुसऱ्या दिवशी आर्या शाळेत गेल्यावर तिने माझे पाय दुमडले आणि मला शेल्टरमध्ये नेऊन उभं केलं. इथल्या घरांत जाड भिंतींची, पोलादी दाराची एक बिनखिडकीची कोठडी असते, तिला शेल्टर म्हणतात. संकटात जीव वाचवायला बांधलेली, पण घरोघरी तिच्यात अडगळच असते. दार बंद झालं आणि अंधार झाला.

किती काळ गेला कोण जाणे. माझं रोगण दमटपणाने फुगलं, पायांना तांबेरा चढला. शेजारी रिकामी लोणच्याची बरणी होती, वर प्रवासाच्या बॅगा. त्या वर्षी जत्रा झाली नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. उभ्या बाकावर कुणी बसू शकत नाही. तरीही रोज संध्याकाळी ते वजन यायचं. उजव्या टोकावर, फरशीपाशी, कुणीतरी अंग मुडपून बसल्यासारखं. दाराच्या पलीकडे आर्याची पावलं वाजायची, थांबायची, निघून जायची. ती आता घरात फारशी बोलत नव्हती. मला भीती वाटायची, मित्रांनो. त्याची नाही. तो असा किती दिवस बसून राहणार, याची.

२०१५ च्या सप्टेंबरात संजीवनीने अप्पांना फोन केला. मुलगी हसत नाही, बोलत नाही, तुम्ही या, असं ती रडत म्हणाली. अप्पा आले.

त्या वर्षी शेजारच्या देशात जंगलं पेटली होती. सगळ्या सिंगापूरवर धूर उतरला होता. खिडक्या बंद, रस्त्यावर मास्क लावलेली माणसं, भर दुपारी संध्याकाळसारखा मातकट उजेड. समोरचा ब्लॉकसुद्धा पुसट दिसे. अशा दिवसांत पितृपंधरवडा आला आणि त्यात निशिकांतची तिथी आली.

दुपारची वेळ होती. संजीवनी भाजी आणायला खाली गेली होती. अप्पा ओट्यापाशी उभे राहून खीर ढवळत होते. ते आल्यापासून आर्या त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. शेल्टरचं दार थोडं उघडं राहिलं होतं, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

“आजोबा, बाबाला खीर आवडायची नाही.”

पळी थांबली. “ठाऊक आहे.”

“मग का करता?”

पळी पुन्हा फिरू लागली. अप्पा म्हणाले, “दुसरं काय करू? तो शाळेत होता तोवरचं मला माहीत आहे. आंबोळी आवडायची, भाजलेलं कणीस आवडायचं. पुढे तो मोठा झाला, कुठे कुठे राहिला. त्याला काय आवडतं, ते मी कधी विचारलंच नाही.”

आर्या म्हणाली, “मला माहितीये.”

“मग सांग.”

पोलादी दार करकरत उघडलं. धुराचा वास आत आला. आर्याने एकटीने मला ओढत बाहेर काढलं, माझे पाय उघडले आणि मला टेबलाच्या बाजूला उभं केलं. अप्पा माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी मला ओळखलं होतं. त्यांनी गॅस बंद केला आणि बाह्या वर केल्या.

मग आजोबा आणि नात प्रेट्झेल करायला बसली. आर्याने कणीक लांब वळून दाखवली, टोकं एकमेकांवरून कशी घ्यायची, वर कशी चिकटवायची ते शिकवलं. अप्पांचे हात जाडजूड, पण नेटके. “ही गाठ आहे होय,” ते म्हणाले. “सोप्पं आहे.” आणि त्यांची पहिलीच गाठ सुटली. मग त्यांनी सोडा घातलेलं पाणी उकळलं, प्रेट्झेल त्यात बुडवून काढले आणि वर खडेमीठ टाकलं.

संजीवनी परतली, तेव्हा घरात पाव भाजल्याचा वास होता. मास्क हनुवटीवर ओढून ती दारातच उभी राहिली. तिने मला पाहिलं, आर्याच्या पिठाने माखलेल्या हातांकडे पाहिलं.

“अप्पा, आज तिथी आहे. आज हे...”

“पान त्याचं आहे, आपलं नाही,” अप्पा म्हणाले. “सॉसेज कुठे मिळतात इथे? आणि ते, त्याचं... बिअर. तू आणतेस का? मला त्यातलं कळत नाही.”

संजीवनीने त्यांच्याकडे एकटक पाहिलं. मग मास्क वर केला आणि पिशवी न ठेवताच पुन्हा खाली गेली.

लिमआंटी वासावर आल्या. आर्याने त्यांना काय चाललंय ते सांगितलं. त्या लगेच घरी गेल्या आणि वाडगाभर किआम चाय घेऊन आल्या. “युअर फादर्स कॅबेज नो टाइम आल्रेडी,” त्या म्हणाल्या. “हिज आंटीज वन ऑल्सो कॅन.” आता कोबी आंबवायला वेळ नाही, आंटीचा पालाही चालेल, असं त्यांचं म्हणणं. वाडगा ठेवून, माझ्या उजव्या टोकाकडे मान किंचित झुकवून त्या निघून गेल्या.

अशा रीतीने पान वाढलं गेलं. माझ्या उजव्या टोकासमोर, टेबलावर. संजीवनीने तोंड फिरवून भाजलेली सॉसेज, लिमआंटींचा पाला, गोड मोहरी, एक वेडावाकडा प्रेट्झेल आणि एका वाटीत खीर, कारण अप्पांनी ती केली होती. मग अप्पांनी मग मागितला. ज्या माणसाने आयुष्यभर बाटलीला हात लावला नव्हता, त्याने ती उघडली आणि बिअर ओतली. त्यांना ओतता येत नव्हती. फेस वर आला, बाहेर आला, पानापर्यंत ओघळला.

“असू दे,” संजीवनी म्हणाली. “त्यालाही असंच व्हायचं.”

ती आणि आर्या समोरच्या खुर्च्यांवर बसल्या. आणि अप्पा चालत माझ्या डाव्या टोकाशी आले.

“आजोबा, नको!” आर्या किंचाळली. “तिथे नको, पडाल! मी येते, थांबा...”

अप्पा बसले. अगदी टोकावर, आपल्या पूर्ण वजनानिशी.

मी कलंडलो नाही.

मित्रांनो, माझे चारही खूर फरशीला घट्ट टेकले होते. उजव्या टोकावर निशिकांत बसला होता. मी त्याचं वजन ओळखलं, त्याचा डावीकडचा कल ओळखला. समोर मायलेकींना काय दिसत होतं? रिकामी फळी, मातकट उजेड आणि एका टोकावर एकटा बसलेला म्हातारा. हवेत तरंगल्यासारखा. संजीवनीचा हात तोंडावर गेला. खिडकीबाहेर नुसता धूर होता.

मग फळीतून एक बारीक थरथर निघाली. उजवीकडून डावीकडे आली. अप्पांनी मान वर केली नाही. आयुष्यभर ज्या सुरात ते मुलाला बजावत आले होते, त्याच सुरात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

“निशी, पाय हलवू नकोस.”

थरथर थांबली.

अप्पांनी दोन्ही हातांनी माझी कड धरली. त्यांचे हात गार पडले होते.

“आजोबा,” आर्या कुजबुजली, “तुम्हालापण कळलं?”

“कळलं.”

“आईला वाटतं मी वेडी आहे.”

“नाही गं,” संजीवनी म्हणाली. “मी घाबरले होते, आर्या. तू त्याच्याबरोबर निघून जाशील असं वाटायचं मला.”

आर्या रडू लागली. तिच्या मनात साचलेलं सगळं बाहेर पडलं. मी तो मग ओढला नसता तर भांडण झालं नसतं, बाबाला वाईट वाटलं नसतं, तो मेला नसता. इतके दिवस ती हे एकटीच घेऊन बसली होती.

“तू फेस चाटलास,” अप्पा म्हणाले. “लहान मूल दुसरं काय करणार? राग मला प्रकाशचा होता. आणि प्रकाशचा तरी कुठे होता, माझाच होता.” मग ते उजवीकडे वळले. त्या रिकाम्या जागेकडे बघून ते मुलाशी बोलले. “तू खरं बोललास त्या दिवशी. मला चारचौघांत सहन झालं नाही, एवढंच. फोनवर तुझा आवाज यायचा मागून. मी ऐकायचो. द्या म्हणायला हवं होतं.”

मगातला फेस हळूहळू खाली बसला. तो पूर्ण बसेपर्यंत चौघं तशीच बसून होती. हो, चौघं. मग अप्पांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

“उठतोय हं, निशी,” ते म्हणाले, आणि उठले.

उजवीकडचं वजनही त्याच क्षणी उठलं. मी जराही हललो नाही. दोन माणसं सवयीने एकत्र उठतात तसं झालं ते.

आर्या धावत टेबलाला वळसा घालून आली आणि “बाबा!” म्हणत त्याच्या टोकावर बसली. आणि मी कलंडलो. ती फरशीवर आपटली. क्षणभर ती तशीच बसून राहिली, वर उचललेल्या माझ्या दुसऱ्या टोकाकडे बघत. तिला समजलं. संजीवनी तिला उचलायला धावली, तर आर्या हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, इतकी की तिला उचकी लागली.

त्यानंतर निशिकांत माझ्यावर कधीच बसला नाही. संध्याकाळी त्याची वेळ झाली, की मी वाट पाहायचो. लाकडाला सवय लवकर मोडता येत नाही.

पुढे जत्रा पुन्हा सुरू झाली. अप्पा दर सप्टेंबरात यायचे आणि प्रेट्झेल तेच वळायचे. बिअरला त्यांनी हात लावला नाही, पण इतरांसाठी मग धुऊन ठेवायचे. २०१८ मध्ये संजीवनीचं ऑफिस वन-नॉर्थला गेलं आणि मायलेकी तिकडच्या लहान फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. तिथे माझ्याएवढी भिंतच नव्हती. तेव्हा लिमआंटींनी पुढाकार घेतला आणि मला ब्लॉकखालच्या रहिवाशांच्या बागेत जागा मिळाली. मला नवं रोगण लावून माझे पाय सिमेंटमध्ये पक्के केले. आता मी कलंडत नाही.

आता माझ्यावर कुणीही एकटं, निर्धास्त बसू शकतं. आणि तसंच बसतात सगळे. एकजण या कडेला, एकजण त्या कडेला, हातात फोन, मध्ये लांब मोकळी जागा. कधी एकाच घरातले दोघं येतात आणि तेही तसेच बसतात. परवा फडक्याने मला पुसताना लिमआंटी स्वतःशीच म्हणाल्या, “टू साइड स्पॉइल आल्रेडी. मिडल स्टिल सो न्यू.”

मित्रांनो, म्हाताऱ्या बाकाने शेवटी काहीतरी मागायचं असतं. मला वर्षातून एकदा रोगण लावा, पाय गंजू देऊ नका, हे मी मागेन आणि तुम्ही ते करालही. पण त्याआधी जरा सरका. ज्याच्याशी अबोला धरलाय, त्यालाही बोलवा, तो आज आहे तोवर बोलवा. काही बोलायला सुचलं नाही तर नुसते शेजारी बसा. माझं मधलं लाकूड अजून कोरं आहे. ते झिजवून टाका.